देवामागची माणसं

आप्पा फणशांच्या तोंडात खिळे असले की ते बोलत नसत आणि खिळे नसले की दुसऱ्या कोणाला बोलू देत नसत. तसबिरी मढवणाऱ्याच्या एका हातात हातोडी असते, दुसऱ्या हातात चौकट असते, तेव्हा खिळे ओठांतच धरावे लागतात. त्यामुळे कामाच्या वेळी आप्पांइतका अबोल माणूस पनवेलात नव्हता. चौकट पुरी झाली आणि उरलेले खिळे डबीत पडले की मग मात्र समोरच्याची धडगत नसे.

त्यांचं दुकान बाजारपेठेत होतं आणि रस्ता ओलांडला की आमचं पोस्ट. मी तिथे कारकून म्हणून रुजू झालो तेव्हा दुसरी मोठी लढाई संपून पाच-सहा वर्षं झाली होती. पनवेलला रेल्वे यायची होती. मुंबई-पुण्याच्या मोटारी गावातून जात आणि जाताना आपली धूळ ठेवून जात. ती आप्पांच्या काचांवर बसे. दिवसातून चार वेळा ओला कागद आणि खडूची पूड घेऊन ते काचा पुसत. "पोस्टसाहेब, ही पुण्याची धूळ," ते म्हणत. "मुंबईची जरा चिकट असते." मी साधा कारकून होतो, पण त्यांनी मला पहिल्या दिवसापासून साहेबच केलं होतं. बढती द्यायला त्यांना सरकारची परवानगी लागत नसे.

माणूस अंगाने काडीपेहलवान. डोक्यावर काळी टोपी, तिच्यावर काचेचा बारीक चुरा, त्यामुळे आप्पा उन्हात उभे राहिले की टोपी लुकलुकत असे. चष्म्याची एक काडी कधीकाळी मोडलेली, तिथे दोरा बांधून तो कानाला गुंडाळलेला. काच कापताना हिऱ्याच्या टोकाची हिरकणी पट्टीला लावली की ते श्वास रोखून धरत. बघणारेही नकळत रोखत. काच कट्‌कन सुटली की सगळं दुकान एकदम सुस्कारा टाकी आणि मग सगळेच थोडे ओशाळून इकडेतिकडे बघत.

फोटो मढवायला आलेल्या प्रत्येकाला आप्पा एकच प्रश्न विचारत. "हाराचा की बिनहाराचा?" गेलेल्या माणसाचा फोटो असला तर चौकटीच्या वरच्या पट्टीला दोन टोकांशी दोन बारीक खिळे मारायचे, हार अडकवायला. जिवंत माणसाला खिळे नाहीत. एवढाच त्याचा अर्थ. पण आप्पा हे विचारताना मान वर करत नसत, पट्ट्या मोजत बसल्यासारखे करत. "कोण गेलं, कधी गेलं" असं विचारलं असतं तर लोकांना रडू आलं असतं. या प्रश्नाला "हाराचा" एवढंच म्हटलं की भागे. एकदा एक म्हातारे गृहस्थ स्वतःचाच फोटो घेऊन आले आणि म्हणाले, "हाराचा करून ठेवा. पोरं मागाहून खिळे मारतील ते वाकडे मारतील."

"तेव्हा घेऊन या, मी सरळ मारून देईन," आप्पा म्हणाले.

"तेव्हा मी कसा येऊ?"

"बरं, मग मी येतो."

चार वर्षांनी म्हातारे गेले तेव्हा आप्पा खरोखरच हातोडी घेऊन त्यांच्या घरी गेले आणि खिळे सरळ मारून आले.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. आप्पांचं दुकान त्यांच्या वडिलांनी काढलेलं आणि वडील भारी काटकसरी. लोक हौसेने फोटो मढवायला टाकत आणि न्यायला विसरत. कोणी गाव सोडून जाई, कोणाची हौस फिटे. वडील वर्षभर वाट पाहत आणि मग तो फोटो दुसऱ्या कोणाच्या तरी देवाच्या तसबिरीत, देवाच्या मागे, पुठ्ठा म्हणून घालीत. वर पाठीला फळी ठोकली की कोणाला कळणार? अशी वीस-पंचवीस वर्षं गेली. पुढे दुकान आप्पांकडे आलं. गावातले लोक घरातल्या जुन्या तसबिरी काच बदलायला आणत आणि आप्पा फळी उचकटत, तो गणपतीच्या मागून एखादे मिशाळ इनामदार बाहेर येत, दत्ताच्या मागून नऊवारीतल्या दोन जावा. "हे आमच्यातले नव्हेत," असं म्हणून लोक आपला देव तेवढा घेऊन जात. पनवेलातले निम्मे देव असे कोणाकोणाला पाठीशी घालून बसले होते.

ही देवामागची माणसं आप्पा टाकून देत नसत. कापसाने पुसून, कडा चिकटवून ते त्यांना भिंतीवर लावत. चिकटवायच्या खळीत मोरचूद घालत, वाळवी लागू नये म्हणून. आणि दोन दिवसांत त्या माणसाची बखर तयार होई. संध्याकाळी आमचं पोस्ट बंद झालं की मी, समोरच्या भातगिरणीतले एक मुकादम आणि असेच दोन-चार रिकामटेकडे दुकानाच्या पायरीवर जमत असू. आप्पा बखर सांगत. सांगताना चेहरा मामलेदारासारखा. ऐकणारे पोट धरून हसत, आणि आप्पा "यात हसण्यासारखं काय आहे" अशा नजरेने बघत.

एका फोटोत एक पागोटेवाले गृहस्थ रिकाम्या खुर्चीशेजारी ताठ उभे होते. आप्पांनी सांगितलं, की फोटो खुर्चीचा आहे, हे नुसते सोबत आहेत. या घराण्याकडे खुर्चीशेजारी उभं राहण्याचं वतन होतं. एका कलेक्टरने "जरा बसून घ्या" म्हणून आग्रह केला तेव्हा यांच्या आजोबांनी बाणेदारपणे सांगितलं, की साहेब, आमच्यात कोणी बसत नाही. पुढे भाऊबंदकी झाली आणि खुर्चीच्या उजव्या बाजूला कोणी उभं राहायचं व डाव्या बाजूला कोणी, यावर दावा लागला. "खुर्ची कोर्टात गेली," आप्पा म्हणत. "तिच्यावर न्यायाधीश बसले. घराणं उभंच आहे."

दुसऱ्या एका फोटोत अकरा माणसं रांगेत बसली होती. दहा स्पष्ट होती आणि एक पुसट, कारण तो फोटो घेताना हलला होता. आप्पांच्या मते ते पनवेलचं डास निर्मूलन मंडळ होतं. दहा जण पदाधिकारी. अकरावा एकटाच कार्यकर्ता. त्याला ऐन वेळी डास दिसला आणि तो कामाला लागला. खाडीकाठच्या गावात राहणाऱ्यांना ही बखर विशेष आवडे. मुकादम तर ती पुन्हा पुन्हा सांगायला लावत आणि ऐकताना स्वतःच्या पोटरीवर चापट मारून घेत.

गावातल्या एका शेठजींनी नवा बंगला बांधला, तेव्हा दिवाणखान्यात लावायला त्यांना पूर्वज हवे होते. आप्पांच्या भिंतीवरच्या एका भरदार गलमिशावाल्यावर त्यांचं मन बसलं. "हे आमचे पणजोबा म्हणून शोभतील," शेठजी म्हणाले. आप्पा म्हणाले, "तुम्हाला ते पसंत आहेत, ठीक. त्यांना तुम्ही पसंत आहात का, ते विचारायला हवं. तुमचा एक फोटो ठेवून जा." शेठजींनी हसत हसत फोटो ठेवला. आठ दिवसांनी आले तेव्हा आप्पांनी तो गंभीरपणे परत केला. "आठ दिवस समोर ठेवला होता. नाही म्हणाले." शेठजी पुढे वर्षभर समोरच्या फुटपाथने जात होते.

या बखरींत आप्पांचा एक नेम होता. त्यांत कोणी मरत नसे. माणसं परदेशी जात, रुसून बसत, वतनं गमावत, पण मरत नसत. कोणी मुद्दाम विचारलंच, की आप्पा, या फोटोला पन्नास वर्षं झाली असतील, हे गृहस्थ आता गेलेच असणार ना, तर आप्पा शांतपणे म्हणत, "मेल्याचं मला कळवलं नाही." असं का, ते मी कधी विचारलं नाही. दिवसभर हाराचे खिळे मारणाऱ्या माणसाला संध्याकाळी ते नको वाटत असेल.

एकदा एका व्यापाऱ्याची लक्ष्मी काच बदलायला आली आणि तिच्या मागून एक तरुण निघाला. पंचविशीचा असेल. कान मोठे, नजर भेदरलेली. अंगात स्टुडिओतला कोट, त्याच्या बाह्या बोटांपर्यंत आलेल्या. खाली गुडघ्यापर्यंतचं धोतर आणि पाय अनवाणी. मागे पडद्यावर ताजमहाल. फोटोच्या पाठीवर ना नाव ना गाव. आप्पांनी तो हातात धरला आणि तिथल्या तिथे बखर चालू केली.

"कोट दुसऱ्याचा आहे, हे उघड आहे. हा माणूस प्रामाणिक. फोटो काढून झाल्यावर कोट परत करायला निघाला, तर मालक धक्क्यावर. मालक बोटीत चढला, मागोमाग हाही चढला. बोट सुटली. आता मालक उतरला कुठे?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पोस्टसाहेब, एक गाव सांगा."

त्या सकाळीच इराकातल्या बसऱ्याचा शिक्का असलेलं एक पाकीट माझ्या हातून गेलं होतं. मी म्हणालो, "बसरा."

"बसऱ्याला. बरोबर. तिथे मालक गर्दीत नाहीसा झाला. हा कोट सांभाळत तिथेच राहिला. खजुराच्या वखारीत कामाला आहे. खजूर खाऊन पोट सुटलंय, कोट आता त्यालाच बेताचा होतो. पण परत केल्याशिवाय घरी यायचं नाही म्हणतो."

आम्ही हसत होतो तेव्हा पायरीशी एक गिऱ्हाईक येऊन थांबलं होतं. उलव्याकडच्या मिठागरावरचा धर्मा नावाचा माणूस, एकवीरेचं चित्र मढवायला घेऊन आलेला. तो कधी आला, किती ऐकलं, कोणाचं लक्ष नव्हतं. त्याने आप्पांच्या हातातल्या फोटोकडे टक लावून पाहिलं, "बसऱ्याला?" असं विचारलं, आप्पा "बसऱ्याला" म्हणाले, आणि धर्मा एकवीरा तशीच फळीवर टाकून चालता झाला. "याला देवीपेक्षा घाई आहे," आप्पा म्हणाले. आम्ही त्यालाही हसलो.

आठ-दहा दिवसांनी पोस्टाच्या खिडकीशी एक बाई उभी राहिली. चाळिशीच्या आतली. घट्ट नेसलेलं लुगडं, मिठाच्या पाण्याने भेगाळलेले हात, कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

"बसऱ्याचं कागद आलंय कं?" तिने विचारलं.

कोणाच्या नावाने, असं मी विचारलं. "हिराबाई नामदेव, उलवा," ती म्हणाली. मग खिडकीच्या गजांना धरून जरा वाकली. "पोराचा बाप हाय तितं. बोटीवं खलाशी व्हता. लढाईत बोट गेली ती गेली, तेरा वर्सं झाली. आता आमच्या धर्माला फोटूवाल्या शेटनं सांगितलं, तो बसऱ्याला हाय, खजुराचे वखारीत. नसंल आलं कागद, तं तुमी लिवून द्या. लिवा, पांडूचं लगीन हाय वैशाखात. ये म्हनाव. नाय जमलं तं नको येऊ, पन कागद धाड."

अडाणी माणसांना पत्रं लिहून देणं हे आमचं नेहमीचं काम होतं. मी टाक हातात घेतला होता. तो तसाच राहिला.

तिने आपण होऊन पुढचं सांगितलं. बारा वर्षं माणसाचा पत्ता नसला की पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, दिवस करायचे, असा रिवाज. भावकी म्हणत होती, की तो विधी एकदाचा उरकू आणि मग लग्न करू, घरात अडकलेलं काही नको. पण विधी झाला की हिराबाईचं कुंकू पुसलं जाणार आणि कुंकू नसलेल्या आईने मुलाच्या हळदीला हात लावायचा नाही. "तेरा वर्सं मी एकटीनं वाढवला त्याला," ती म्हणाली. "आन हलदीला मीच लांब बसू? बसऱ्याचं कागद आलं तं भावकी गप बसंल. दीर माजा बाजारात गेलाय. तो यायच्या आदी लिवून द्या."

मला काय वाटलं ते सांगतो. लाज वाटली. बसरा मी दिला होता.

मी खिडकी बंद केली आणि तिला घेऊन समोर गेलो. आप्पांच्या तोंडात खिळे होते. मी म्हणालो, "आप्पा, खिळे काढा," आणि काय झालं ते सांगितलं. आप्पांनी एकेक खिळा काढून डबीत टाकला. त्याला नेहमीपेक्षा फार वेळ लागला. मग ते उठले, भिंतीवरून तो फोटो काढला आणि तिच्या हातात दिला.

तिने तो उजेडाकडे धरला. पहिलं बोलली ते हेच, "ह्यो कोट त्याचा नाय."

"ठाऊक आहे," आप्पा म्हणाले. मग आवाज खाली गेला. "बाई, ते बसऱ्याचं खरं नव्हे. मी रचलेलं. गंमत म्हणून. तुमच्या माणसाचं मला नावदेखील माहीत नव्हतं. माझं चुकलं." आप्पांना अडखळत बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

ती रडली नाही, ओरडली नाही. फोटो तसाच धरून पायरीवर बसली. "जाताना बोल्ला व्हता," ती म्हणाली, "पनवेलला तुज्यासाठी येक वस्तू ठेवलीय, आल्यावं आनतो. मी किती वर्सं इचार करतंय, काय ठेवलं असंल. लुगडं असंल, पाटल्या असतील. त्ये ह्ये व्हतं."

तिच्या नवऱ्याने, नामाने, फोटो आप्पांच्या वडिलांकडे मढवायला टाकला होता. वडिलांनी रिवाजाप्रमाणे वर्षभर वाट पाहिली होती आणि मग नामाला लक्ष्मीच्या मागे घातलं होतं. एक वर्ष सोडून बाकी सगळी वर्षं हिराबाईची वस्तू दुकानापासून चार पावलांवर एका व्यापाऱ्याच्या देवघरात होती. आप्पांनी तिला हे सगळं सरळ सांगितलं, वडिलांना पाठीशी न घालता.

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "शेट, तुमी बोल्लं तो जिता हाय, त्ये तुमी रचलं. आमची भावकी बोलतं तो मेला. त्यांनी तरी कुटं बगितला? त्यांनीबी रचलंच ना?"

तेवढ्यात तिचा थोरला दीर, गोमा, बाजार करून आला. वयस्कर, काखेत छत्री, बोलण्याचालण्यात भावकीचा मुखत्यार. त्याने फोटो पाहिला, भाऊ ओळखला, डोळे पुसले. मग आप्पांसमोर उभा राहिला. "शेट, तुमी जानती मानसं. आमचा नामा जिता हाय, ह्ये खरं कं?"

आप्पांनी हिराबाईकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती. दुकानात सगळ्यांनी श्वास रोखला, जणू हिरकणी पट्टीला लागली होती.

"मेल्याचं मला कळवलं नाही," आप्पा म्हणाले.

"मंजी जिता हाय?"

"मेल्याचं कळवलेलं नाही."

गोमाचं समाधान झालं नाही. तो माझ्याकडे वळला. माझ्या बोटांना शिक्क्याची शाई होती, ती त्याने पाहिली. "तुमी पोस्टातले ना? सरकारचं काय कागद हाय?"

मी म्हणालो, "तो मेल्याचं पत्र आमच्याकडे आलेलं नाही." यातला शब्दन् शब्द खरा होता. तरी माझे कान तापले.

गोमाने छत्रीच्या मुठीवर हनुवटी टेकली. शेवटी म्हणाला, "सरकारला ठाव नाय, तं आमी कोन सांगनार?" आणि तो पायरीवर भावजयीपासून थोडा दूर बसला.

आप्पांनी पट्ट्या काढल्या. सोनेरी गिलिटाच्या, दुकानातल्या सगळ्यांत चांगल्या. "तेरा वर्षं उशीर झालाय बाई, आता थांबू नका, आत्ताच करून देतो." मग त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. या वेळी मान वर करून, तिच्याकडे बघून विचारला.

"बिनहाराचा," हिराबाई म्हणाली.

वैशाखानंतर धर्मा आपली एकवीरा न्यायला आला. त्याने सांगितलं, की लग्न झालं, मांडवात नामाचा फोटो मधल्या खांबाला लावला होता आणि पांडूला पहिली हळद आईनेच लावली. आप्पांनी ऐकलं, "बरं झालं" म्हणाले आणि तोंडात खिळे भरले. आम्ही केलं ते चांगलं की वाईट, यावर आप्पांशी मी एकदाच बोललो. ते म्हणाले, "पोस्टसाहेब, तुम्ही खोटं बोललात का? नाही. मी बोललो का? नाही. मग एवढा घाम कशाला आला?" मला अजून सांगता येत नाही.

त्यानंतर आप्पांनी बखरी बंद केल्या नाहीत, पण एक नवा नेम केला. कोणीही नवं माणूस दुकानात आलं, की आधी त्याला भिंतीपुढे उभं करत. "बघा, ओळखीचं कोणी आहे?" तो नाही म्हणाला तरच पुढची गोष्ट. दोन माणसांना खरोखर त्यांची माणसं सापडली. डास निर्मूलन मंडळातला तो पुसट कार्यकर्ता पेणच्या एका वैद्यांचा मामा निघाला. वैद्यांना बखर ऐकवल्यावर ते म्हणाले, मामा हलत असे खरा, त्याला कंपवात होता. मुकादमांनी ती बखर पुन्हा सांगायला लावली नाही.

हिराबाई मात्र येत राहिली. बाजाराला आली की मासळीची टोपली पायरीवर टेकायची, पदराने तोंड पुसायची आणि विचारायची, "काय म्हन्तंय बसरा?" पहिल्यांदा विचारलं तेव्हा आप्पा गांगरले. त्यांना वाटलं, बाई अजून खरंच धरून बसली आहे. पण तिच्या डोळ्यांत हसू होतं. मग आप्पांनी मामलेदाराचा चेहरा केला आणि सांगितलं, की नामा आता वखारीचा मुकादम झालाय, पण तिथल्या मिठाला चव नाही अशी तक्रार करतो.

"करंलच," ती म्हणाली. "पन खजूर खातंय म्हनून सांगू नका. त्याची दाढ दुखतं. गोड खाल्लं का रातभर गालाला हात लावून बसतंय."

आप्पांनी बखरीत दुरुस्ती केली. पुढच्या खेपेला नामाने खजूर सोडला होता. अशी ती बखर दोघांची झाली. आप्पा एक खोटं सांगत, ती त्यात एक खरं घाली. नामाला पोहता येत होतं पण विहिरीची भीती वाटे. तो गात असे, वाईट. भांडण झालं की जेवत नसे, पण मागल्या दाराने येऊन भाकरी खाई. दहा वर्षं मी ते पायरीवर बसून ऐकलं. मधली दोन-तीन वर्षं माझी बदली उरणला होती, पण परत आलो तेव्हा नामा माझ्या चांगल्या ओळखीचा झाला होता. बसऱ्यात तो म्हातारा होत चालला होता, हिराबाईबरोबरच. ती हसताना तोंडावर पदर घेई आणि जाताना दरवेळी आप्पांना म्हणे, "खोटारडं मेलं." आप्पांना हा किताब फार आवडे.

पुढे माझी पनवेलहून कायमची बदली झाली. निघण्याच्या आठवड्यात मी निरोप घ्यायला दुकानात बसलो होतो. समोरून पांडू आला. आता तो स्वतः दोन मुलांचा बाप होता. त्याच्या डोक्याचं मुंडण झालेलं होतं. ते पाहिलं आणि आम्हाला कळलं.

"आय गेली," तो म्हणाला. "दोन दिसांच्या तापानं गेली. हिरव्या लुगड्यात गेली, चुडा भरून. भावकीनं खण-नारलानं ओटी भरली." त्याने पिशवीतून आईचा फोटो काढला. मागच्याच जत्रेत काढलेला, तोंडावरचा पदर नुकताच खाली घेतल्यासारखी ती हसत होती. त्याबरोबर त्याने वडिलांची चौकटही आणली होती, जोडीला तसल्याच पट्ट्या हव्यात म्हणून.

आप्पांनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले. नेहमीचा प्रश्न त्यांनी विचारला नाही. पांडूच म्हणाला, "आयचा हाराचा करा."

आप्पांचा हात दुसऱ्या चौकटीवर गेला आणि तिथेच राहिला. नामाच्या पट्टीवर खिळे नव्हते. त्यांनी पांडूकडे पाहिलं.

"बाचा ऱ्हावं द्या तसाच," पांडू म्हणाला. "त्याला कुटं कलवलंय अजून?"

मी उठलो. रस्ता ओलांडून वळून पाहिलं तर पांडू पायरीवर बसला होता, आईच्या जागी. आप्पा आमच्याकडे पाठ करून चौकट ठोकत होते. हाराला खिळे दोनच लागतात. आप्पांनी मूठभर तोंडात भरले होते.